हद्दीतलं रान

जुहेरने कागदाची घडी जशी होती तशीच घातली आणि ती घिलासच्या शर्टाच्या खिशात परत खोचली.

"नाव चुकलंय," ती म्हणाली.

घिलासला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. गावातली तरणी माणसं तिला नन्ना, म्हणजे ताई, म्हणत. तो अल्जिअर्सपासून लांब, डोंगरातल्या तला उझ्रू गावाच्या सभेचा चिटणीस. सकाळी शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात सभेच्या नोटिसा लिहायचा, घरोघर वाटायचा, त्यावरून होणारी भांडणं ऐकायचा. आज दुपारपासून त्याने अठ्ठावीस उंबरे पालथे घातले होते. त्याने कागद पुन्हा काढून उलगडला.

"बरोबर आहे की. 'दिवंगत बेलाईद यांचे वारस. झऱ्याखालच्या आपल्या शेतातले गवत, काटेरी झुडपे व राडारोडा मालकाने मे अखेरपर्यंत काढावा, अन्यथा सभा नियमाप्रमाणे कारवाई करील.' दरवर्षी हाच मजकूर असतो, नन्ना. यंदा फक्त 'दिवंगत' घातलंय."

"मग बेलाईदच्या वारसांना नेऊन दे."

"ते फ्रान्समध्ये बसलेत."

"टपाल जातं की तिथवर."

घिलास हसला. जुहेर हसली नाही. ती परत जोत्यावर बसली, परात मांडीवर ओढली आणि मसुरातले खडे वेचू लागली.

"कागद कुणाच्या का नावाचा असेना, शेत तर तूच साफ करतेस. मी शेंबडा होतो तेव्हापासून बघतोय."

"करायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे करायचे. आता ज्याचं नाव, त्याचा विळा."

घिलासने कागद तिच्या शेजारी जोत्यावर ठेवला, वर एक खडा ठेवला आणि निघाला. तो वळणापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून चपलांचा आवाज आला. चौसष्ट वर्षांची जुहेर पायऱ्या उतरून त्याच्यामागे धावत आली होती. तिने कागद त्याच्या हातात दिला आणि खडासुद्धा दिला.

*

बेलाईद हा तिचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता. दर ऑगस्टला साबणाच्या वड्या आणि चॉकलेटचे डबे घेऊन यायचा, पॉलिश केलेल्या बुटांनी शेतात एक फेरी मारायचा, झाडावरून अंजीर तोडून खायचा आणि म्हणायचा, "जुहेर, तुझ्या हाताला चव आहे बघ." एका वर्षी त्याने शेतात घर बांधायला काढलं. दोन खांब उभे राहिले आणि सुट्टी संपली. गंजलेल्या सळया, पावसात भिजून दगड झालेली सिमेंटची पोती आणि विटांचे तुकडे तेव्हापासून तिथेच पडले होते. सभेच्या कागदातला राडारोडा तो हाच.

जुहेर लग्न होऊन दरीपलीकडच्या गावात गेली होती ती पाच वर्षांपुरती. नवरा धरणाच्या कामावर परांचीवरून पडून गेला. मूलबाळ नव्हतं. चोविसाव्या वर्षी ती बापाकडे, अरेझ्कीकडे, परत आली. आधी आईचं अंथरूण धुतलं, मग बापाचं. बाप गेला तेव्हा गावातली चार मोठी माणसं बाहेरच्या खोलीत बसली आणि घर, शेत, झऱ्याच्या पाण्याची पाळी, सगळं बेलाईदच्या नावाने बोलून उठली. ती आत होती. त्या दिवशी तिला एकच प्रश्न विचारला गेला, कॉफी अजून आहे का.

त्यालाही एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत तिने बांध रचले, ढासळले की पुन्हा रचले. म्हाताऱ्या ऑलिव्हवर कलमं बांधली. दर मे महिन्यात आठ-आठ दिवस काट्यांच्या जाळ्या तोडल्या. त्या शेताचं तेल बेलाईदच्या घरी बुधल्यांतून जायचं आणि तिच्याही स्वयंपाकात पडायचं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार करायची असते हेच तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी बेलाईद गेला आणि या फेब्रुवारीत त्याच्या थोरल्या मुलाचा, मनादचा, फोन आला.

"आत्या, आम्ही भावंडांनी शेत विकायचं ठरवलंय. घाई नाही. तू घरात राहा, जगशील तोवर राहा. इतकी वर्षं राखण केलीस, आम्ही विसरणार नाही."

"बरं," ती म्हणाली होती.

फोन ठेवल्यावर ती चुलीपाशी बसली. राखण. अंजिराची बी दाढेत अडकावी तसा तो शब्द अडकून राहिला. जीभ फिरवली, पाणी प्यायली, तरी निघेना. दुसऱ्या दिवशी तिने विळ्याला तेल लावलं, तो जुन्या फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला.

*

रानाला कुणाच्या नावाची पर्वा नसते. एप्रिलचा पाऊस भरपूर झाला होता. गवत कमरेला आलं, काट्यांच्या वेली एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उड्या मारत गेल्या आणि बेलाईदचे दोन खांब पार दिसेनासे झाले. मेच्या मध्याला गवताची टोकं पिवळी पडू लागली.

झऱ्यावर पाणी भरताना मल्हाने तिला गाठलं. मल्हाचं शेत समोरच्या उतारावर होतं. म्हणजे तिच्या भावाचं. भाऊ अल्जिअर्सला दुकान चालवायचा आणि मल्हा इथे कोयता. जीभही तशीच धारदार.

"काय गं, गाव जाळायचंय का तुला?"

"माझं काय आहे जाळायला?"

"विसरलीस तू ते वर्ष?"

जुहेर विसरली नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात समोरचा डोंगर दोन दिवस जळत होता. खालच्या वस्तीतलं एक जोडपं शेळ्या सोडवायला माघारी फिरलं ते परत आलंच नाही. त्यानंतरच सभेने हा नियम कडक केला. आपापल्या हद्दीतलं रान ज्याने काढलं नाही त्याला दंड, आणि दंडालाही जुमानलं नाही तर वाळीत. मग त्याच्या दारी लग्नाला कुणी जायचं नाही, मयतालाही नाही.

"मी काही विसरले नाही," जुहेर म्हणाली. "तूच विसरलीस. तुझ्या कागदावर कुणाचं नाव असतं गं?"

"कुणाचं का असेना! आग काय नाव वाचून येते?"

जुहेर हंडा घेऊन घरी आली. मल्हाचं बोलणं खरं होतं, म्हणूनच ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने माळ्यावरून विळा काढला आणि शेताच्या कडेकडेने, गावाकडे येणारी पायवाट दोन्ही बाजूंनी चार-चार पावलं रुंद तासून काढली. मुळासकट, माती दिसेपर्यंत, म्हणजे आग गावाकडे सरकू नये. तीन दिवस लागले. शेताच्या हद्दीतली एक काडीही तिने तोडली नाही. तिसऱ्या दिवशी वाटेने जाणाऱ्या घिलासने विचारलं, "हे काय, नन्ना? नमलीस का?"

"ही वाट गावाची आहे," ती पाठ सरळ करत म्हणाली. "आणि गावात मी राहते. शेताचं मला विचारू नकोस."

*

मेच्या शेवटच्या शुक्रवारी, नमाजानंतर, सभा बसली. तला उझ्रूच्या बायका सभाघरावरून जात नाहीत. त्यांच्यासाठी मागून वेगळी बोळ आहे, आणि त्या बोळीचे दगड इतक्या पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेत की पावसात घसरायला होतं. जुहेरने कमरेचं पट्ट्यापट्ट्यांचं फडकं नवं बांधलं आणि चौकातून चालत जाऊन सभाघराच्या दारात उभी राहिली.

आतलं बोलणं थांबलं.

"बस," दा आकली म्हणाले. उभ्या बाईला दुसरं काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. ती उंबऱ्याशी बसली.

दा आकली, म्हणजे आकलीदादा, सभेचे प्रमुख. सत्तरी ओलांडलेला, शिस्तीचा माणूस. रस्त्यात चॉकलेटचा कागद दिसला तर वाकून उचलायचा आणि कुणाच्या पोराने टाकला ते शोधून काढायचा. त्या आगीच्या वर्षी खालच्या वस्तीतली दोन शरीरं त्यांनीच चादरीत गुंडाळून वर आणली होती. नियम त्यांनी लिहिला होता आणि त्यांच्या लेखी तो कागदावरचा नव्हता.

त्यांनी घिलासला मनादला फोन लावायला सांगितलं. फोन मधल्या चौरंगावर ठेवला. पलीकडून वाहनांचा आवाज आला आणि मग मनादचा, मोडक्यातोडक्या बोलीत.

"मनाद, बाळा, तुमच्या शेतात रान माजलंय. महिना संपला."

"ते आत्या करते ना?"

"आत्या नाही म्हणते."

पलीकडे हॉर्न वाजला.

"मग मशीन लावा ना, काका. बुलडोझर. सगळं सपाट करा, झाडांसकट. घेणाऱ्याला तसंही रिकामंच हवंय. पैसे मी पाठवतो."

कुणीतरी खोकलं. कोपऱ्यातला एक म्हातारा फोनकडे झुकून, जणू फ्रान्सपर्यंत आवाज पोचवायचाय अशा बेताने ओरडला, "अरे ऑलिव्ह आहेत त्यात! तुझ्या पणज्याच्या हातची!"

"किती आहेत?" मनादने विचारलं.

बाकांवरचे पुरुष एकमेकांकडे बघू लागले.

"एकोणीस," जुहेर म्हणाली. "त्यातली दोन भाकड. तीन अंजीर. एक अस्लेन, शेळ्यांच्या पाल्याचं."

"बरं, मशीनवाल्याला हद्द कुठली दाखवायची ते तरी सांग," दा आकली फोनला म्हणाले.

"हद्द... बाबांच्या कागदांत असेल काही. बघतो. फोटो पाठवतो."

दा आकलींनी फोन बंद करायची खूण केली. आता सगळ्यांचे डोळे जुहेरवर होते.

"हद्द तुला माहितीय."

"दगड न् दगड."

"मग सांग."

"सांगेन की. आणि रानही काढेन, कुणी सांगायच्या आधी. माझ्या नावाचा कागद येऊ दे."

एकच गलका झाला. वाली खाटीक उठून उभा राहिला. "बाईच्या नावावर जमीन? आपल्या आज्या-पणज्यांत कधी ऐकलंय? आज कागदावर नाव लिहाल, उद्या शेत नवऱ्याच्या गावाला जाईल!"

"माझा नवरा चाळीस वर्षं मातीत आहे, वाली. तो काय शेत पाठीवर मारून नेणार?"

दोघेचौघे हसले आणि दा आकलींकडे बघून गप्प झाले.

"जुहेर," दा आकली हळू आवाजात म्हणाले, "मी तुला धमकी देत नाही. पण नियम म्हणजे नियम. तू ऐकलं नाहीस तर सभेला तुला वाळीत टाकावं लागेल. तू एकटी आहेस. उद्या काही झालं तर खांदा द्यायला कुणी येणार नाही. याचा विचार कर."

जुहेरने तो विचार केला होता. आठ रात्री तेवढाच केला होता.

"टाका वाळीत. पण दा आकली, तुम्हीच लिहिलाय नियम. त्यात 'मालकाने' लिहिलंय. मी मालक नसेन तर मी नियम मोडला नाही, मला शिक्षा कसली? आणि मी नियम मोडला असेल तर मी मालक आहे. दोन्हींतलं एक काय ते लिहा. मला दोन्ही चालेल."

दा आकलींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"कागदाने जमीन होत नाही, पोरी," ते म्हणाले. "कोर्टात हा कागद कुणी हातात धरणार नाही."

"मग शाईला एवढं भिता कशाला?"

ती उठली आणि चौकातूनच परत गेली. घरी येऊन तिने कडी लावली आणि दाराला टेकून खाली बसली. कॉफीचं पाणी ठेवायलाही ती तासभर उठली नाही.

*

चार दिवस काहीच झालं नाही. झऱ्यावर बायका तिच्याशी बोलायच्या, पण अंग राखून. सभेने अजून काही जाहीर केलं नव्हतं, म्हणून बोलणं चालू होतं. पाचव्या दिवशी दक्षिणेचा गरम वारा सुटला. दुपारी दरीपलीकडे, दूर, धुराची एक बारीक रेघ उठली. संध्याकाळपर्यंत ती विझली, पण तोवर अख्खं गाव गच्च्यांवर उभं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी घिलास आला. त्याने कागद पुढे केला.

"वाच," जुहेर म्हणाली.

"'जुहेर, दिवंगत अरेझ्की यांची कन्या. झऱ्याखालच्या शेताची राखणदार या नात्याने...'"

"थांब. नियमात काय लिहिलंय? राखणदाराने की मालकाने?"

"नन्ना, खूप ओढाताण करून एवढं लिहून घेतलंय. मान आता."

"तुझे उपकार मी विसरणार नाही. घेऊन जा तो."

घिलास तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेला. जुहेरने दिवसभर कोंबड्यांना दाणे टाकले, भाकरी केली, घर झाडलं, आणि प्रत्येक वाऱ्याच्या झोताबरोबर शेताकडे बघितलं. वाळलेलं गवत सळसळत होतं. त्याच्या त्या सळसळीने तिच्या हाताला विळ्यासाठी खाज सुटली होती. एकदा ती माळ्याच्या शिडीपर्यंत गेलीही. एक पायरी चढली आणि उतरली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास दारावर थाप पडली. घिलासच्या डोळ्यांत झोप होती.

"वाचतो," तिने सांगायच्या आधीच तो म्हणाला. "'जुहेर, दिवंगत अरेझ्की यांची कन्या, मालक, झऱ्याखालचे शेत. आपल्या हद्दीतले गवत, काटेरी झुडपे व राडारोडा आठ दिवसांत काढावा, अन्यथा...'"

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. जुहेर उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती, जणू कुणी लांबचं, चेहरा आठवत नसलेलं माणूस दाराशी आलं होतं आणि आपली ओळख सांगत होतं.

"खाली सही?"

"दा आकलींची. शिक्काही आहे. पण सही करताना त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. म्हणाले, उद्या कुणी विचारलं तर सांगेन, मी वाचलं नव्हतं."

जुहेरच्या ओठांचा कोपरा हलला. तिने कागद घेतला. या वेळी घडी घातली नाही.

"थांब जरा, ताक देते," ती म्हणाली. पण ताक देऊन होईपर्यंत तिच्या दुसऱ्या हातात विळा आलेला होता.

*

दुपारी मनादचा फोन आला. सभेच्या कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"आत्या, हे काय ऐकतोय मी? मालक? अगं, तू आमच्या..."

"मनाद, मी बांधावर आहे. मोठ्याने बोल."

"कायद्याने हे टिकणार नाही. मला कोर्टात जावं लागेल."

"जा की. तिथे मलाही बोलावतील ना? दारात उभं राहून माझं नाव पुकारतील?"

पलीकडे गाडीचं दार आपटलं.

"अंजीर यंदा लवकर येतील," ती म्हणाली. "ऑगस्टात ये. बूट मात्र जाडे घाल, तुझ्या बापाच्या सळया आहेत इथे."

फोन कमरेत खोचून तिने पुन्हा जाळीला हात घातला. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे उठले होते. काट्यांखाली जुना बांध शाबूत निघाला. एका ठिकाणी दगड सुटले होते, तिथे सापाची कात होती. पहिल्या दिवशी तिने वरचे दोन टप्पे मोकळे केले, दुसऱ्या दिवशी तिसरा. विटांचे तुकडे घमेल्यात भरभरून वाटेच्या कडेला रचले. सळया तिच्याने हलेनात, तेव्हा वाली खाटकाचे दोन भाऊ न बोलता आले, सळया उचलून ट्रकमध्ये टाकल्या आणि न बोलताच गेले.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर घिलास टप्प्याटप्प्याने उतरत खाली आला. धापा टाकत तो अस्लेनच्या सावलीत बसला आणि तिने दिलेलं पाणी एका दमात प्यायला. कपाळाचा घाम पुसला.

"सकाळी मल्हा आली होती शाळेत," तो म्हणाला. "मुलांसमोर भावाच्या नावाचा कागद टेबलावर टाकून गेली. मागोमाग पाझरापलीकडच्या दोघी. मग ती वरच्या आळीतली टेलरबाई. दा आकलींना सांगायची माझी हिंमत नाही."

जुहेर विळा टेकवून उभी राहिली. समोरच्या उतारावर मल्हाच्या शेतातलं अर्धवट कापून सोडलेलं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलं होतं. तिथे कुणी नव्हतं.

"रागावली होती?"

"मल्हा कधी नसते?" घिलासने पिशवीतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिच्या बापाचं पूर्ण नाव काय होतं गं? सभेच्या वहीत नुसतं 'लंगडा हम्मू' लिहिलंय."

जुहेरला आठवायला वेळ लागला. मेलेल्या माणसाला गावाने त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"मोहंद सईद," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही. मल्हाला जवळचं दिसत नाही."